खांदा दुखावतो तो लशीने नव्हे, चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने

‘फ्लूच्या लशीने खांदे निकामी होतात. अमेरिकी सरकार भरपाई देतं, म्हणजे लस घातक असल्याची ही कबुलीच. कंपनीवर केस टाका. पण निम्मे पैसे वकीलच खाईल.’ असा मजकूर अमेरिकेतल्या मराठी मंडळींत फिरतोय. तो वाचून लोक लस टाळतील आणि ज्यांना खरी इजा झालीय ते हक्क सोडतील, म्हणून हे लिहितोय.

कबुली? लस दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली द्यायची असते. सुई त्याहून वर गेली तर औषध सांध्याजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीत उतरू शकतं. मग तिथे सूज येते, हात वर जात नाही, केस विंचरणंही कठीण होतं. ही चूक टोचण्याची. दोन दिवस दंड ठणकतो, ती मात्र ही इजा नव्हे.

कंपनीवर थेट केस करता येत नाही. 1986 च्या कायद्यानुसार आधी लस-इजा भरपाई योजनेत अर्ज करावा लागतो. तो फेडरल क्लेम्स कोर्टात चालतो आणि पैसे लशींवरच्या करातून उभ्या राहिलेल्या निधीतून येतात. खांद्याची ही इजा 2017 पासून योजनेच्या तक्त्यात, म्हणजे भरपाई मिळणाऱ्या इजांच्या यादीत आहे. दुखणं 48 तासांत सुरू झालेलं, त्याच खांद्यापुरतं, आधीचा त्रास नाही, दुसरं कारण नाही, एवढं कागदांवरून दिसलं तर ती टोचण्यामुळेच झाली हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला असावा, किंवा इस्पितळात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. वेदनांपोटी कमाल 2,50,000 डॉलर. उपचारखर्च आणि बुडालेला पगार वेगळा.

वकिलाबद्दलचं तर साफ खोटं आहे. त्याची फी योजना वेगळी देते. तुमच्या रकमेतून तो काही घेऊ शकत नाही. अर्ज प्रामाणिक आणि सबळ असेल तर हरल्यावरही फी मिळू शकते.

नागरिकत्वाची अट नाही. भेटीला आलेल्या आईबाबांनी लस अमेरिकेतच घेतली असेल तर तेही अर्ज करू शकतात.

मुदत मात्र पाळा: पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं. म्हणून डॉक्टरकडे पहिल्याच भेटीत लस कोणत्या तारखेला, कोणत्या हातावर घेतली आणि दुखणं कधी सुरू झालं, हे नोंदवून घ्या. कोविडची लस असेल तर योजना वेगळी, मुदत डोसपासून फक्त एक वर्ष, आणि तिथे वेदनांचे पैसेही नाहीत, वकिलाची फीही नाही.