चटणीला लाल चिठ्ठी

शनिवारी सकाळी साडेदहाला एक मुलगा दारात आला, हातात नोटीस ठेवली, सही घेतली आणि गेला. सहीसाठी पेन माझंच होतं, तेही त्याच्याबरोबर गेलं. नोटीस होती 2018-19 सालच्या थकबाकीची, रुपये 1,840 फक्त. कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून आयुष्यभर तिथं जायचंय.

पैसे मी भरले होते. रांगेत माझ्यापुढं उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाची कॉलर उसवली होती, इतकं स्पष्ट आठवतं. पावती मिळाली, घरी आणली आणि तिथंच घात झाला. मी ती जपून ठेवली.

हरवलेली वस्तू कधी ना कधी सापडते. केर काढताना, सोफा सरकवताना, नाहीतर नवी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी. जपून ठेवलेल्या वस्तूचं तसं नसतं. ती आपण पूर्ण शुद्धीवर असताना, नीट विचार करून अशा जागी ठेवतो की तिथं कुणाचा हात जाऊ नये. त्या कुणात आपणही येतो, हे त्या वेळी लक्षात येत नाही.

मी घरात बसून लोकांचे हिशेब लिहितो. लक्ष्मीपुरीतल्या चार दुकानदारांची गेल्या दहा वर्षांची बिलं माझ्याकडं तारखेवार लावलेली आहेत. रात्री बाराला मागा, देतो. घरच्या कागदांना मात्र मी तो न्याय लावू शकलो नाही. म्हणजे प्रयत्न केले. इटलीतल्या फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्यानं 1980च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. तो जगप्रसिद्ध झाला. मीही मोबाइलवर पंचवीस मिनिटं लावली. तेवढ्यात दूधवाला, भंगारवाला, कचऱ्याची गाडी आणि "अहो, गॅस बारीक करा" एवढे चौघे येऊन गेले. त्या विद्यार्थ्याच्या घरी कुकर नसणार, नाहीतर त्यानं घड्याळाऐवजी शिट्ट्या मोजल्या असत्या.

आणि आमच्या पसाऱ्याला भूगोल आहे. घर रमणमळ्यात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका. बाकीच्या कोल्हापुरात हे आकडे पेपरात वाचतात, आमच्या घरात ते कागद ठेवायचे नियम आहेत. पाणी 39ला आलं की कपाटाचा खालचा खण रिकामा करायचा, 43 झालं की सगळं माळ्यावर. पाणी उतरलं की कागदही उतरवायचे असतात, पण तोवर घर धुऊन सगळ्यांचे कंबरडे मोडलेले असतात. 2019च्या ऑगस्टमध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली तेव्हा आईनं उशीच्या अभ्र्यांत कागद कोंबून माळ्यावर फेकले. 2021च्या जुलैत त्यावर दुसरा थर बसला. आता माळ्यावर शिडी लावून चढलं की आधी 2021 लागतं, मग 2019 आणि एकदम तळाला वडिलांच्या हातची 2005ची गाठोडी.

रविवारी मी 2019च्या थरात कमरेपर्यंत बुडालो होतो, तेव्हा खालून आवाज आला.

"काय हुडकाय लागलाय, जावईबापू?"

बायकोचे मामा. उचगावात राहतात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेत आणि रविवारी पांढरा-तांबडा असला की बरोब्बर साडेअकराला त्यांची गाडी आमच्या गल्लीत वळते. रस्सा झाल्याचं त्यांना कोण कळवतं, हे मी अजून शोधून काढलेलं नाही.

"पावती शोधतोय, मामा."

"कुठल्या लोकेशनला हाय?"

"ते माहीत असतं तर शिडीवर कशाला चढलो असतो?"

मामांनी मान हलवली. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून हलवतात तशी.

"तुमच्याकडं फाइव्ह एस न्हाई."

मला फाइव्ह जी ऐकू आलं. म्हटलं, "आहे की, पण आतल्या खोलीत रेंज येत नाही."

मग मला खाली उतरवून खुर्चीवर बसवण्यात आलं. मामांनी एक हात वर केला आणि एकेक बोट दुमडत म्हणाले, "सेइरी. सेइतोन. सेइसो. सेइकेत्सु. शित्सुके." सूर असा लागला होता की पाठोपाठ माझ्या तोंडून 'चांगभलं' निघणार होतं. हे सगळं जपानी. नको ते काढायचं, हवं ते लावायचं, पुसायचं, तसा नियम करायचा आणि नियम मोडू द्यायचा नाही. पहिली तीन कामं माझी आजी एका केरसुणीत उरकायची आणि शेवटची दोन तिच्या नजरेत होती. पण हे बोललो नाही, कारण मामा रंगात आले होते.

"आमच्या शॉपमध्ये 16-17चा पाना अंधारात हात घातला तरी घावायचा. भिंतीला बोर्ड, बोर्डावर पान्याची आकृती काढलेली. पाना उचलला की मागं त्याची सावली ऱ्हाते. कोण घेऊन गेलाय, लगीच कळतंय. तुमच्या पावतीची आकृती कुठाय?"

"मामा, पावती कागदाची आहे."

"मग चौकोन काढा की!"

यावर काय बोलणार? बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली, "मी सांगून दमलो, मामा. ऐकतात कुठं." ती मूळची मंगळवार पेठेतली. कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्याहून आलेले पाहुणे हसतात, आम्ही त्यांना आणखी रस्सा वाढतो आणि मग ते फक्त नाक पुसतात.

मामांनी मुलीच्या प्रकल्पातला लाल कार्डशीट मागून घेतला, कात्रीनं त्याच्या पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येकीवर चार रकाने आखले. वस्तू, तारीख, कारण, मालक. कात्री मिळायला वीस मिनिटं लागली आणि ती वीस मिनिटंही त्यांनी कुठल्या तरी वहीत टिपून ठेवली. जी वस्तू लागत नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, बाजूला ठेवायची, महिनाभर वाट बघायची. महिन्यात कुणी हात लावला नाही तर बाहेर.

तासाभरात घराचं लग्नघर झालं. जाळी नसलेल्या पंख्याला चिठ्ठी, तीन मोडक्या छत्र्यांना तीन चिठ्ठ्या, पिशव्यांच्या पिशवीला चिठ्ठी. मामांना ही शेवटची वस्तू समजेना. पिशवीत पिशव्या, त्यातल्या एकीत आणखी पिशव्या. "ह्यात मेन माल कुठला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. माझ्या टेबलाजवळ येऊन ते बराच वेळ उभे राहिले. "ह्या स्टेशनला काय तयार होतं?" मी म्हटलं, "हिशेब." "दिवसाला किती नग?" मी गप्प बसलो. चिठ्ठी लावली नाही त्यांनी, पण दोन बोटांत धरून ठेवली होती. ते मला अजून खुपतंय. एकतीस वर्षं वाळूच्या साच्यांत काढलेल्या माणसानं माझ्या कामाकडं ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, आलेल्या कास्टिंगकडं बघावं तसं बघितलं.

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि आईच्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीला चिठ्ठी लावली.

हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ही चटणी उन्हाळ्यात वर्षाची होते. मिरची निवडून, वाळवून, देठ काढून, मसाले भाजून डंकावर न्यायची आणि डोक्याला पदर बांधून, शिंका आवरत, कुटून होईपर्यंत तिथंच बसायचं, कारण डंकवाल्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्यानंतर त्या बरणीला आईशिवाय कुणी हात लावत नाही. मीसुद्धा वाटीत घालून मागतो.

"ईनबाई," मामा शांतपणे म्हणाले, "महिन्याला चटणी किती लागती?"

"लागंल तेवढी."

"अर्धा किलो धरू. बरणीत हाय पाच किलो. म्हंजी दहा महिन्यांचा माल अडकून पडलाय. टोयोटावाले असं करत न्हाईत. जस्ट इन टाइम. लागंल तवा, लागंल तेवढं."

आईनं गॅस बंद केला. आमच्याकडं ही 43 फुटांची खूण आहे.

"मामा, 2019ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं हुतं, आठवतंय? गावात पेट्रोल न्हाई, दूध न्हाई, भाजी न्हाई. तुमची फौंड्री बंद हुती का चालू?"

"बंद हुती."

"आन तुम्ही सगळी कुठं जेवत हुतासा?"

मामा काही बोलले नाहीत. ते, मामी आणि दोन पोरं तेव्हा आमच्याबरोबर राजारामपुरीत माझ्या बहिणीच्या घरी होती. आठ दिवस भाकरी आणि चटणी. तीच बरणी. होडीत बसताना आईनं दागिन्यांचा डबा माझ्याकडं दिला होता आणि बरणी स्वतःच्या मांडीवर घेतली होती.

"त्या टोयोटाला सांगा," आई म्हणाली, "पूर आल्यावर चटणी पोचती करायला."

लाल चिठ्ठी काढून तिनं चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. फाडली नाही. पाहुण्यांचा मान असतो.

जेवण होईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. चहाच्या वेळी मीच विषय काढला, जरा त्यांना बरं वाटावं म्हणून. "मामा, फौंड्रीत सगळंच काढून टाकता का हो?"

"सगळं कसं? पॅटर्न न्हाई टाकत. पॅटर्न म्हंजी साच्याचा नमुना, गिऱ्हाइकाचा असतोय. लाकडी. दहा-दहा वर्षं त्याची ऑर्डर येत न्हाई, तरी नंबर टाकून रॅकला ठेवायचा, वाळवी लागू द्यायची न्हाई. उद्या मागितला आन घावला न्हाई, तर आपल्या बिलातनं कापत्यात."

"भाडं देतात?"

"कशाचं?"

"रॅकच्या जागेचं."

मामांनी बशी खाली ठेवली. "न्हाई बा. तसं कोण देत न्हाई."

आता मला सांगा, ही पावती तरी माझी आहे का? मी पैसे त्यांच्या खिडकीत दिले, त्यांच्या माणसानं मोजले, त्यांच्या मशीननं कागद ओकला. त्यांच्याकडं कॉम्प्युटर आहे, कपाटं आहेत, कपाटांवर शिपाई आहेत. लक्षात ठेवायचं मात्र मी, पूर येणाऱ्या घरात. माळ्यावरचं गाठोडं सोडून बघा: विजेची बिलं, गॅसचं जुनं पुस्तक, बंद झालेल्या खात्याची पासबुकं, रद्द झालेलं रेशन कार्ड, आणि रहिवासी दाखला काढण्यासाठी लागलेल्या दाखल्यांसाठी लागलेले दाखले. यातलं एक तरी मी हौसेनं आणलंय का? ज्याला माझा पसारा म्हणतात तो निम्मा दुसऱ्यांचा माल आहे. आम्ही बिनभाड्याची गोदामं. आणि वर व्यवस्थित कसं राहावं हे आम्हालाच शिकवायचं.

तर, पावती सापडली. आईनं रागानं बरणी जागेवरून हलवली आणि ती ज्या लाकडी खोक्यात बसते त्याच्या तळातल्या वर्तमानपत्राखाली प्लास्टिकची पिशवी निघाली. लख्ख आठवलं. तेव्हा मी विचार केला होता की पूर आला तर या घरातली पहिली वाचणारी वस्तू ही बरणी. विचार बिनचूक होता. बरणीबरोबर पावतीही होडीत बसून राजारामपुरीला जाऊन आली होती.

पिशवीतला कागद पांढरा होता. थर्मल कागद. तेल आणि प्लास्टिक, दोन्हींनी त्यावरची अक्षरं उडतात, आणि फार उष्णता लागली तर अख्खा कागदच काळा पडतो. मला हे माहीत असायला हवं होतं, कारण फ्रिजची पावती मी एकदा लॅमिनेशनला दिली होती आणि ती मशीनमधून तव्यासारखी काळी होऊन बाहेर आली होती. दुकानदार म्हणाला, "थर्मल हाय साहेब, करपली," आणि वीस रुपये घेतले.

मामांनी कट्ट्यावरची चिठ्ठी उचलली, चटणीचं नाव खोडून 'पावती' लिहिलं आणि मालकाच्या रकान्याशी थांबले. माझ्याकडं बघितलं. मग स्वच्छ अक्षरात कार्यालयाचं नाव घातलं.

सोमवारी मी ती चिठ्ठीसकट खिडकीत दिली. आतल्या माणसानं कागद उजेडाला धरला, मग नाकाला.

"वास कसला?"

"चटणीचा."

"घरची? ब्याडगी की संकेश्वरी?"

"दोन्ही."

मागच्या टेबलावरचाही उठून आला. लसूण कच्चा की तळलेला यावर पाच मिनिटं गेली. मला वाटलं, काम होणार.

"पण ह्यावर काही दिसत नाही."

"तुमच्या कॉम्प्युटरवर बघा ना."

"सिस्टीम बदलली. जुना डेटा आला नाही."

"म्हणजे हरवला."

"हरवला नाही. मायग्रेट झाला नाही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "पावत्या जपून ठेवायच्या असतात, साहेब."

1,840 रुपये भरले. लाल चिठ्ठी त्यानं परत केली, तिला नोंद नाही म्हणाला. नवी पावती मशीनमधून गरम गरम बाहेर आली. थर्मल. घरी येऊन टेबलावर ठेवली, हातपाय धुऊन झेरॉक्सला न्यावी म्हणून आलो तर टेबल रिकामं.

"अगं, पावती?"

"मी ठेवलो की उचलून," बायको आतून म्हणाली. "जपून."