मनगटावरचं चुंबक रक्त ओढत नाही

चतुर्थीपासून गोव्यात, आमच्या फोंड्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. थोडक्यात असा: 'नियोडिमियम हे अतिदुर्मिळ धातूचं चुंबक आहे. मनगटावर बांधा, रक्तातलं लोह खेचलं जाऊन रक्तदाब उतरेल. विहिरीत सोडा, पाण्यातलं लोह निघेल. पेट्रोलच्या नळीला लावा, ॲव्हरेज वाढेल.' माझ्या आत्यानं तो वाचून चुंबकाचं कडं मागवलं आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड केली. म्हणून हे लिहितोय.

रक्तात लोह असतं हे खरं, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. खिळ्यातले असंख्य अणू एकमेकांना धरून एकाच दिशेला वळतात, म्हणून खिळा चुंबकाला चिकटतो. हिमोग्लोबिनच्या भल्यामोठ्या रेणूत मात्र लोहाचे जेमतेम चार अणू, तेही सुटेसुटे. प्राणवायू घेऊन निघालेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं, तेही न जाणवण्याइतकं. एमआरआय तपासणीचं यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबकच. त्याच्या नळीत रुग्ण दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय जोराचं माप) क्षेत्रात अर्धा-अर्धा तास पडून असतो. कड्याचा जोर दोन-चार सेंटीमीटरवरच ओसरतो. चुंबकानं रक्त ओढलं जात असतं, तर त्या नळीतून माणूस धड बाहेर आला असता का? आत्याला हेच विचारलं. गोळी पुन्हा रोज सुरू झाली.

या संदेशानं जे सांगायला हवं होतं, तेच गाळलंय. पेसमेकर बसवलेल्यांनी असं चुंबक छातीजवळ नेऊ नये, यंत्राचं काम बदलू शकतं. आणि खेळण्यातल्या छोट्या चुंबक-गोळ्या लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. दोन गोळ्या पोटात गेल्या, तर आतड्याचे पदर त्यांच्यामध्ये चिमटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

आता विहीर. डिचोली-सांग्याकडे अनेकांना तांबूस पाण्याचा त्रास आहे, त्यामुळे हा मुद्दा लोकांना पटतो. पण पाण्यात विरघळलेलं लोह चुंबकाला चिकटत नाही, आणि त्याचा तांबडा गाळही नाही. आपल्या खाणींतून वर्षानुवर्षं बार्जेसमध्ये भरून गेलेलं हेमॅटाइट हे लोहखनिजसुद्धा साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. उलट नियोडिमियम चुंबकातच वजनानं सुमारे दोन तृतीयांश लोखंड असतं. वरचा निकेलचा मुलामा टवका उडून निघाला, की आमच्या दमट हवेतही ते गंजून भुगा होतं, मग पाण्यात काय होईल? म्हणजे जे काढण्यासाठी चुंबक विहिरीत सोडायचं, तेच लोह पाण्यात मिसळणार. पाणी उंचावरून पाडून त्याला हवा लागू द्या, गाळ बसू द्या, मग वाळूतून गाळा. एवढ्यानंही बरंच लोह निघतं.

पेट्रोलबद्दल लांबण लावत नाही. त्याच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, ज्वलन बदलण्याइतका तर नाहीच. मोटरसायकल पायलटांनी (भाडं घेऊन मागे बसवून नेणाऱ्यांनी) त्यासाठी पैसे घालवू नयेत, टायरमधली हवा तपासावी.

आणि 'अतिदुर्मिळ'? पृथ्वीच्या कवचात नियोडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. अडचण आहे ती एका जागी भरपूर न सापडण्याची, आणि सोबतच्या भावंड-धातूंपासून वेगळं करण्याची.

मला राग याचा येतो, की या खोट्यापायी खरा चमत्कार झाकला जातो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे ही चुंबकं घडवली. आज कानातला इअरफोन एवढासा आहे तो त्यांच्यामुळे. अनेक इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर त्यांच्यावर फिरते. जत्रेतल्या नाटकाला देवळाच्या प्रांगणात साउंडवाले बॉक्स चढवतात तेव्हा बघा: जुन्या फेराइट चुंबकाच्या स्पीकरचं धूड आणि नियोडिमियमचा स्पीकर यांच्या वजनातला फरक त्यांच्या पाठीला विचारा.

आत्याचं कडं मी फोडून त्यातलं एक चुंबक तिच्या शिवणयंत्राच्या बाजूला लावून दिलंय. खाली पडलेल्या टाचण्या आणि सुया ती आता न वाकता, काठीच्या टोकाला बांधलेल्या दुसऱ्या चुंबकानं उचलते आणि शिवणयंत्राजवळच्या चुंबकावर नेऊन ठेवते.