७८०५ आणि ९ व्होल्टची बॅटरी: एक खुलासा

‘९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला ७८०५ जोडा, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत ५ व्होल्ट मिळत राहतील’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. ७८०५ म्हणजे जास्त व्होल्टेज घेऊन स्थिर ५ व्होल्ट देणारी चिप, म्हणजेच व्होल्टेज रेग्युलेटर. हा सल्ला अर्धाच खरा आहे.

७८०५ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त इनपुट लागतं. म्हणजे बॅटरी ७ व्होल्टच्या खाली उतरली की ५ व्होल्टही घसरू लागतात. त्या बॅटरीत आत ६ सेल असतात. ७ व्होल्टला प्रत्येक सेल सुमारे १.१७ व्होल्टवर असतो. त्यात अजून जीव असतो, पण आपण ती फेकून देतो!

दुसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. ७८०५ स्वतःच साधारण ५ मिलिअँपिअर खातो, सर्किट झोपलेलं असलं तरी. अल्कलाइन ९ व्होल्टची क्षमता ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास धरली, तर काहीही न करता ती चार दिवसांत रिकामी. शिवाय ९ आणि ५ मधला फरक उष्णता होऊन जातो: १०० मिलिअँपिअरला ०.४ वॉट.

७८०५ वाईट नाही, तो अडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटसाठी ठीक. बॅटरीवर मात्र कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे इनपुट आउटपुटपेक्षा थोडंसंच जास्त असलं तरी चालणारा रेग्युलेटर घ्या. असाच एक, एमसीपी१७०२, स्वतःसाठी जेमतेम २ मायक्रोअँपिअर घेतो. सर्किटमधला मायक्रोकंट्रोलर (सर्किट चालवणारी प्रोग्रॅम करता येणारी चिप) ३.३ व्होल्टवर चालत असेल, तर चार एए सेल आणि हा रेग्युलेटर ही जोडी मला सर्वांत सोपी वाटते. इनपुट-आउटपुटला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर विसरू नका, नाहीतर आउटपुट डोलायला लागतं.