‘बीपी मोजूच नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज आमच्या भागातल्या जवळपास सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. बचत गटाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या, अगदी सोयाबीनचे भाव टाकतात त्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: “बीपी तपासायला जाऊ नका. पूर्वी १६० पर्यंत नॉर्मल होतं, औषध कंपन्यांनी आकडा खाली आणून चांगल्या माणसांना रोगी ठरवलं. त्रास नाही तर आजार नाही. शेतात राबणाऱ्याला बीपी होत नाही. गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही आणि तीच पुढे किडनी खाते. तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही हे परदेशातल्या संशोधनानेच सिद्ध केलंय. त्यापेक्षा अर्जुनाची साल उकळून प्या.” खाली हात जोडलेलं चित्र आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हा मेसेज दाखवून लोक गोळ्यांची पाकिटं माझ्या टेबलावर परत आणून ठेवतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे. मेसेजमध्ये सगळंच खोटं नाही. जिथे तथ्य आहे तिथे तेही सांगते.

“शेतात राबणाऱ्याला बीपी होत नाही.” हा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांमधल्या प्रत्येक मृत्यूची घरोघरी जाऊन चौकशी केली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शंभरातले चौदा, लकव्याने झाले होते. मलेरिया, क्षय, हृदयविकार, सगळ्यांच्या वर लकवा. ही माणसं एसीत बसणारी नव्हती. धानाच्या बांधीत चिखलणी करणारी, जंगलात मोहा-तेंदू वेचणारी होती. जवळपास निम्म्या बाया होत्या. आणि लकव्याने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसं घरीच गेली, दवाखान्यात नाही.

हा शेवटचा आकडा मला सतत आठवतो. रक्ताची गाठ अडकून लकवा झाला तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. भामरागडहून किंवा मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावरून १०८ बोलावून, ग्रामीण रुग्णालय करून सीटी स्कॅनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे त्या रस्त्याने गेलेल्याला विचारा. नागपूरच्या माणसाला चूक सुधारायची एखादी संधी मिळते, आपल्याला ती फारशी नाही. म्हणून लकवा होऊच नये यासाठी जे करता येतं त्याची किंमत शहरापेक्षा गावात जास्त आहे. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं, आटोक्यात आणता येण्यासारखं कारण वाढलेलं बीपी हेच आहे. कष्टाने वजन ताब्यात राहतं, त्याचा फायदा होतोच. पण दिवसभर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडात आणि प्रत्येक जेवणात लोणचं-पापड-ठेचा, तर नुसत्या कष्टाने ते भरून निघत नाही.

“त्रास नाही तर आजार नाही.” माझ्याकडे येणारे काकाजी हेच आपल्या शब्दांत विचारतात, “मले काई होतच नाई, मंग गोयी कायले खाऊ?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण १७० बीपीचा माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन दोन कोस चालून येतो आणि त्याला खरंच काही होत नसतं. डोकं दुखणं, गरगरणं यावरून बीपी ओळखता येत नाही, यंत्र लावल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत आपण सगळे आशाताईसमोर उभं राहून गोळ्या गिळतो, तेव्हा पाय सुजायची वाट पाहत नाही. फरक एवढाच की त्या गोळ्या गावासाठीही असतात. बीपीच्या गोळीचा निर्णय मात्र तुमचा स्वतःचा आहे.

आता “पूर्वी १६० नॉर्मल होतं”. हे अर्धं खरं आहे. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची ‘बीपी वाढलं’ म्हणायची रेषा १६०/९५ (वरचा आकडा/खालचा आकडा) होती, १९९९ मध्ये ती १४०/९० झाली. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ती १३०/८० पर्यंत खाली आणली, त्यावर जगभरात वाद झाला. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात आजही १४०/९० हीच रेषा आहे. पण रेषा खाली का आली? ‘वयाबरोबर बीपी वाढणारच, म्हाताऱ्याचं १६०-१७० चालतं’ असं डॉक्टरही मानत तेव्हा अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर एक चाचणी झाली. सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा त्याहून जास्त आणि खालचं नव्वदच्या आत होतं. निम्म्यांना स्वस्त, जुनी, लघवी वाढवणारी गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. १९९१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गोळीवर असलेल्या शंभरातल्या आठ जणांना लकवा झाला, औषध घेणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या लोकांवर अशीच चाचणी झाली, तिथे तर मृत्यूही कमी झाले. म्हणजे मेसेज ज्या १६० ला नॉर्मल म्हणतो, त्याच १६० च्या माणसांवर तपासून पाहिलेलं आहे.

हे आठ आणि पाच नीट समजून घ्या, कारण गोळी घ्यायची की नाही याचं खरं उत्तर त्यात आहे. शंभरातल्या ब्याण्णव जणांना पाच वर्षांत गोळीशिवायही लकवा होणार नव्हता. पाच जणांना गोळी घेऊनही झाला. वाचले ते तीन, आणि ते तीन कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणेल, तिघांसाठी शंभरांनी गोळ्या खायच्या? विचारायलाच हवं. पण ज्या घरात कर्ता माणूस अंगाच्या एका बाजूने गेला, त्या घरात एक जण खाटेवर आणि दुसरं त्याच्या उशाशी बांधलेलं असतं. सोयाबीन काढणीला दोन्ही हात कमी. मी स्वतः अशा माणसांचं अंग पुसायला शिकवलं आहे त्यांच्या सुनांना. माझं मत विचाराल तर १६० च्या वर हा सौदा करण्यासारखा आहे. १४० ते १५९ मध्ये फायदा लहान असतो. तिथे मधुमेह, तंबाखू, वय, आधी आलेला झटका यावर ठरतं. यातलं काही नसेल तर डॉक्टर काही आठवडे मीठ कमी करून पुन्हा मोजायला सांगू शकतात. त्यांना तसं स्पष्ट विचारा: माझी जोखीम किती, आणि गोळीने ती किती कमी होईल?

कंपन्यांनी आजार शोधून काढला म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं. तेव्हा कामाची गोळी कुणाकडेच नव्हती, आजार मात्र होता. आज उपकेंद्रात पहिली गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची मिळते. तिचं पेटंट कधीच संपलं आहे आणि ती फुकट मिळते.

मेसेजवाल्यांनी ज्यावर बोट ठेवायला हवं होतं, ते ठेवलंच नाही. खरी गडबड मोजण्यात होते. शिबिरात माणूस उन्हातून येतो, तासभर रांगेत उभा राहतो, तोंडात खर्रा, शेजाऱ्याशी बोलणं चालू, जाड बाहीवरूनच पट्टा आवळला जातो. आकडा येतो १५६ आणि हातात गोळ्या. ही पद्धत चुकीची आहे, आणि अशा एका आकड्यावर सुरू झालेली गोळी नाकारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आमच्याकडे असं करतो: अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या पातळीत, बाही वर. दोनदा मोजायचं. जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच वेळी १८०/११० च्या वर गेलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गेल्या उन्हाळ्यात एक भाऊ बसस्टँडवरून थेट आत आले, पहिला आकडा १६४. माठातलं पाणी दिलं, भिंतीला टेकवून बसवलं, पुन्हा मोजलं तर १३८. दोन दिवसांनी १३४. त्यांना गोळी लागली नाही, दर काही महिन्यांनी मोजायला येतात. मोजलं म्हणून गोळी लागली असं होत नाही. मेसेज या दोन गोष्टी एकत्र बांधून लोकांना मोजण्यापासूनच पळवतो, माझी खरी तक्रार ही आहे.

“गोळी किडनी खाते.” गेल्या वर्षी एक काकू आल्या, पाकीट टेबलावर आपटलं. दोन्ही घोट्यांवर सूज, चांदीच्या तोरड्या कातडीत रुतलेल्या. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. गावात सगळ्यांनी सांगितलं होतं, किडनी गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) तपासलं, दोन्ही ठीक. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर अशी सूज येते, तिचा किडनीशी संबंध नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली, सूज उतरली, बीपीही ताब्यात आहे. हा दुष्परिणाम गोळी देतानाच सांगितला असता तर त्या घाबरल्या नसत्या, ही आमच्या यंत्रणेची जबाबदारी आहे. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने आणि साखरेने. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन किडनी वाचवायला मदतच करते. ती सुरू केल्यावर रक्त तपासावं लागतं आणि गरोदरपणात ती चालत नाही, हेही सांगून ठेवते. किडनीची खरी भीती बाळगायची तर वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीवर रोज गिळलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनची बाळगा. त्यांनी किडनीला इजा होते आणि बीपीही चढतं. त्यांच्याविरुद्ध एकही मेसेज माझ्या पाहण्यात नाही.

जन्मभर सुटत नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण ते व्यसन नव्हे. गोळी बीपी दाबून धरते, बंद केली की ते पुन्हा पहिल्या जागी जातं. वजन, मीठ, दारू कमी झाल्यावर काहींचा डोस कमी होतो, क्वचित सुटतेही, पण मोजत मोजत. आपल्या मनाने नाही. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी एकदम सोडणं तर धोक्याचं. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्यांना चक्कर येऊ शकते. तसं झालं तर गोळी फेकू नका, आकडा दाखवायला या.

परदेशी संशोधनाचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात मजबूत आहे. २०१९ मध्ये १७ चाचण्या एकत्र करून, अडीच लाखांवर लोकांचा हिशेब मांडून पाहिलं गेलं. सरसकट आरोग्य तपासणीने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हे खरं आहे, म्हणून ‘फुल बॉडी’च्या नावाखाली ऐंशी चाचण्यांचं पॅकेज विकणाऱ्या गाड्या गावात येतात तेव्हा मीही लोकांना पैसे वाचवायला सांगते. पण त्या चाचण्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या, जिथे माणसाचा ठरलेला डॉक्टर असतो आणि इतर कारणाने गेला तरी बीपी मोजतोच. तपासणीला न बोलावलेल्यांचंही बीपी तिथे कळलेलंच होतं. आमच्याकडे पन्नाशीचे असे लोक येतात ज्यांच्या दंडाला पट्टा कधीच लागलेला नाही. तिशीपुढे बीपी आणि साखर मोजणं, खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडून पांढरे-लाल चट्टे पाहणं, ही मोजकी तपासणी आहे आणि सापडलं तर पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे.

प्रतिबंधाची प्रत्येक गोळी चांगली, असंही मी म्हणत नाही. काही आजार नसताना ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून वयस्क माणसं रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. १९ हजारांवर धडधाकट वृद्धांवरच्या चाचणीत, २०१८ मध्ये, त्याचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आधी हार्ट अटॅक आलेल्यांनी ती सोडू नये, बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं.

राहिली अर्जुनाची साल. आवडत असेल तर प्या, पण डॉक्टरांना सांगून. गोळीऐवजी चालेल असा भक्कम पुरावा तिच्या बाजूने नाही. गोळी चालू ठेवा, मीठ कमी करा आणि महिन्याच्या महिन्याला मोजायला या. ज्यांच्याकडे हा मेसेज अजून जपून ठेवलेला आहे, त्यांनी आपलं शेवटचं बीपी किती होतं आणि कधी मोजलं होतं ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर उपकेंद्र उघडं आहे, पैसे लागत नाहीत.