नंबर सापडला म्हणजे विमान ओळखलं, असं होत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या विमानाचे अवशेष सापडले की त्या फोटोंबरोबर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात ठासून सांगितलेलं असतं की तुकड्यावरचा कुठलाही नंबर इंटरनेटवर टाका, विमान कळेल. विमान कळलं की त्यातली माणसं कळली. तुकडा सापडला तिथेच विमान पडलं. आणि एवढं सोपं असताना सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षं लावतात ती निव्वळ टाळाटाळ. हे खरं मानून कोणी जागेवरचा पत्रा उचलून आणला, तर जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कुठलाही नंबर टाका." विमानाच्या सांगाड्यावर ठोकलेले बहुतेक नंबर पार्ट नंबर असतात, म्हणजे त्या भागाच्या ड्रॉइंगचे नंबर. एकाच ड्रॉइंगवरून हजारो भाग बनले. स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं २०,००० हून अधिक बनली. त्यांतला ३०० ने सुरू होणारा पार्ट नंबर मूळ पहिल्या मार्कच्या (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) ड्रॉइंगचा, पण तोच भाग न बदलता पुढच्या मार्कांतही बसवला गेला. त्यामुळे असा तुकडा हाती आला तर विमान स्पिटफायर होतं, एवढंच म्हणता येतं. मार्क ठरवायला नंतरच्या ड्रॉइंगचा एखादा भाग त्याच जागी मिळावा लागतो. अमेरिकी पत्र्यावर 'अल्क्लॅड २४एस-टी' असा छाप दिसतो, तो तर फक्त मिश्रधातूचा प्रकार सांगतो. तो पत्रा अनेक कंपन्यांच्या विमानांत वापरला जायचा.

एका विशिष्ट विमानापर्यंत नेणारे नंबर वेगळे: कारखान्याचा क्रमांक, लष्करी सिरीयल (लष्कराने त्या विमानाला दिलेला नंबर), इंजिनाचा नंबर, मशीनगनचा नंबर. त्यांतही इंजिनं बदलली जात, म्हणून इंजिनाचा नंबर त्या काळच्या कागदाशी जुळला तरच उपयोगाचा. अमेरिकी हवाई दलाने १९४३ पासून बेपत्ता विमानांचे अहवाल भरायला घेतले आणि त्यांत इंजिनांबरोबर मशीनगनचे नंबर नोंदवायलाही जागा ठेवली. चिखलात रुतलेल्या गंजक्या ब्राउनिंग मशीनगनला मोल येतं ते त्या कारकुनी शिस्तीमुळे. इंटरनेटवरचा शोध इथे फार तर सुरुवात करून देतो.

आता याच दाव्याच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उदाहरण बघू. फ्रेंच लेखक आणि वैमानिक आंत्वान द सँतेक्झुपेरी ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिका बेटावरून लाइटनिंग विमानातून टेहळणीला गेला आणि परतला नाही. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहराजवळच्या समुद्रात एका मासेमाराच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं, त्यावर त्याचं नाव कोरलेलं. नाव असूनही शंका घेतल्या गेल्या, आणि त्या घ्यायलाच हव्या होत्या. पुढे त्याच भागात लाइटनिंग विमानाचे अवशेष दिसले, २००३ मध्ये ते वर काढले आणि २००४ मध्ये ओळख पक्की झाली. ज्या नंबरामुळे झाली तो होता '२७३४ एल'. तो कारखान्याचा क्रमांक. विमानाचा लष्करी सिरीयल होता ४२-६८२२३. म्हणजे २७३४ हा आकडा लष्करी सिरीयलच्या यादीत शोधत बसलं असतं तर काहीच लागलं नसतं. कारखान्याचे क्रमांक आणि लष्करी सिरीयल यांचा मेळ घालणारं माणूस लागलं. आणखी एक गोष्ट संदेशात कधीच येत नाही: त्याच परिसरात एका जर्मन मेसरश्मिटचं इंजिनही पडलेलं होतं. दोन शत्रुपक्षांची विमानं समुद्राच्या एकाच तळाशी. कोणी फक्त ते इंजिन वर काढलं असतं तर निष्कर्ष काय निघाला असता?

"तुकडा सापडला तिथेच विमान पडलं." अॅल्युमिनियम हलकं आणि कामाचं, लोक ते उचलून नेतात. प्रशांत महासागरातल्या निकुमारोरो बेटावर १९९१ मध्ये सापडलेला एक पत्रा कित्येक वर्षं १९३७ मध्ये बेपत्ता झालेली अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिच्या विमानाचा असावा असं मांडलं जात होतं. अखेर त्याच्या रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) ओळी जुळल्या त्या युद्धकाळातल्या डग्लस सी-४७ मालवाहू विमानाच्या पंखाशी. दुसऱ्या विमानाचा पत्रा त्या बेटावर येऊन पडला होता. जागेवरून हललेला तुकडा असा गोंधळ घालतो, म्हणून उचलायच्या आधी फोटो, मोजपट्टी आणि नेमकं स्थान या तीन गोष्टींवर मी अडून बसतो. घासून 'स्वच्छ' करणं त्याहून वाईट. शाईचे शिक्के आणि रंगाचे थर एका घासणीत जातात. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाच्या अवशेषांना परवान्याशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे. शिवाय अशा जागी न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

"विमान कळलं की माणसं कळली" आणि "उशीर म्हणजे टाळाटाळ" हे दोन्ही मुद्दे अरुणाचल प्रदेशात एकत्र तपासता येतात. 'हॉट ॲज हेल' हे अमेरिकी बी-२४ बॉम्बर विमान २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसाममधल्या चाबुआला येताना हंप मार्गावर, म्हणजे हिमालयावरून जाणाऱ्या हवाई मार्गावर, नाहीसं झालं, आत आठ जण होते. २००६ मध्ये दामरोहजवळ अवशेष सापडले. विमान कोणतं हे कळायला फार वेळ लागला नाही. पण त्या जागी खोदकाम करून मानवी अवशेष मिळाले ते २०१५ मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये ते अमेरिकेला पाठवले गेले. मधल्या वर्षांच्या रेंगाळण्यावर टीका जरूर करावी, कुटुंबांनी ती केलीही. मात्र विमानाचा नंबर त्या आठांपैकी कोणाचं हाड हातात आहे हे सांगत नाही. त्यासाठी दात, हाडं आणि आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासावा लागतो, आणि तो डीएनए जुळवायला आईकडून रक्ताचं नातं असलेल्या नातेवाइकाचा नमुना लागतो. सात दशकांनंतर तो नातेवाईक शोधून काढणं हासुद्धा तपासाचाच भाग असतो.