लेझर आणि बादली: 'दर्यावर्दी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दर्यावर्दी, नमस्कार.

"एन्नोरला माणसं बादल्यांनी तेल उपसत होती आणि तुम्ही लेझरच्या गप्पा मारताय. शिवाय उपग्रह आहेतच की!" असं समुद्रात सांडलेलं तेल लेझरने शोधण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत. पहिला टोला बरोबर बसला. 'लेझरने समुद्र साफ' हे मागच्या लेखाचं शीर्षक माझंच, आणि ते चूक होतं. विमानातला लेझर तेल दाखवतो, थेंबभरही काढत नाही. शीर्षक बदललंय.

एन्नोरचंही खरं. २८ जानेवारी २०१७ ला दोन जहाजं चेन्नईजवळच्या या बंदराजवळच धडकली आणि तेल किनाऱ्यावरच्या दगडांत येऊन साकळलं. डोळ्यांसमोरच्या चिखलावर लेझर मारून काय कळणार? तिथे बादलीच हवी.

उपग्रहाचं मात्र पटत नाही. उपग्रहावरचं रडार तेल बघतच नाही, पाण्यावरच्या बारीक लहरी बघतं. तवंगाखाली त्या दबतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. पण वारा पडला तरी काळा, शेवाळ साचलं तरी काळा, माशांच्या तेलाचा थर असला तरी काळाच. तिथवर बोट हाकायची आणि हाती शेवाळ!

लेझर इथे कामाला येतो. विमानातून साधारण ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील (डोळ्यांना न दिसणारा) झोत खाली सोडतात. खनिज तेलातली काही संयुगं तो शोषून स्वतः चमकतात. शेवाळातलं हरितद्रव्य लाल चमकतं. परतणाऱ्या उजेडात पाण्याची स्वतःची खूण ३४४ नॅनोमीटरजवळ उमटते, वर तेल असलं की ती मंदावते. हे सगळं रात्रीसुद्धा.

मला हे नुसतं वाचून पटलं नव्हतं. एका रात्री परातीत पाणी घेतलं, त्यात स्कूटरच्या नव्या इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले, दिवा मालवला आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला. थेंब निळसर उजळले, पाणी काळंच. (ती परात घरच्यांनी नंतर स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.)

खरी खोच तुम्ही काढलीच नाहीत. पाण्याची ती खूण जेमतेम दहा-वीस मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी सांगते. त्याहून जाड थर असला की 'तेल आहे' एवढंच कळतं, आणि उपसायला नेमका तोच थर हवा असतो. विमान कमी उंचीवरून उडवावं लागतं, धुकं-पाऊस चालत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही जहाजं धडकली ती भर पावसाळ्यात. त्या आभाळाखाली असलं विमान कितपत उपयोगी पडलं असतं, याची मलाच शंका आहे.