किती वाजता, किती मीटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘वाशिष्ठी दुथडी भरून, चिपळूणकर भयभीत’ या आमच्या चिपळूणच्या नदीवरच्या बातमीबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, की त्यात ‘भयभीत’ आहे, पण किती वाजता पाणी किती मीटरवर होतं ते नाही. त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मग सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘माणूस रागावलाय, पण आपलाच आहे. नीट उत्तर दे.’ म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं असं की, मी घरबसल्या पेपरातल्या चुका काढते, पण पावसात भिजून बातमी आणणाऱ्या वार्ताहराला काय मिळतं हे मला ठाऊक नाही. पूर येऊन गेला, गाव उभं राहिलं, तरी मी तेच उगाळत बसते आणि त्यामुळे गावाचं नाव खराब होतं. आणि मगरींवरच्या लेखात मी माणसांपेक्षा मगरींची बाजू घेतली. तुम्ही नोकरीनिमित्त डोंबिवलीला असता, आई इथे चिपळुणात पेठमापला एकट्या राहतात, हेही तुम्ही लिहिलंत. मला वाटतं तुमच्या रागाचं मूळ तिथेच आहे, आणि माझ्या लिहिण्याचंही.

आधी वार्ताहराचं. त्याला काय मिळतं ते मला ठाऊक आहे. आमच्या दुकानात झेरॉक्स काढायला येतो तो. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दहाव्या-तेराव्याच्या जाहिराती गोळा करता करता तो बातमी लिहितो. २०२१च्या पुरात त्याच्या स्वतःच्या घरात छातीभर पाणी होतं, आणि पाणी ओसरल्यावर घर धुवायच्या आधी तो फोटो काढत गावभर फिरला. त्याच्याबद्दल वाकडा शब्द मी कधी लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. माझं भांडण बातमीत काय असावं आणि काय नसलं तरी चालेल, याबद्दल आहे. ‘भयभीत’ लिहायला जेवढी जागा लागते तेवढ्याच जागेत ‘रात्री ११ वाजता ५.२ मीटर’ असं लिहिता येतं. एवढंच मी म्हणते आहे, पण त्यावर मी अडून बसणार आहे, कारण त्या आकड्याची किंमत आम्ही मोजली आहे.

२१ जुलै २०२१, बुधवार. सकाळच्या पेपरात मुसळधार पावसाची बातमी होती, ‘जनजीवन विस्कळीत’ होतं, झाड पडल्याचा फोटो होता. नदी किती मीटरवर आहे, भरती किती वाजता आहे, धरणाच्या बाजूला काय चाललंय, यातलं काही नव्हतं. दुकान बाजारपेठेत, घर वरच्या मजल्यावर. कोविडमुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे आदल्या वर्षीचा आणि त्या वर्षीचाही वह्यांचा माल रॅकमध्ये तसाच पडून होता. रात्री अण्णा दोनदा शिवनदीकडे, म्हणजे गावातून वाहत वाशिष्ठीला मिळणाऱ्या नदीकडे, जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते म्हणाले, ‘पाणी वाहत नाहीये, नुसतं चढतंय.’ आम्हाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. २००५च्या २६ जुलैला पाणी काउंटरपर्यंत आलं होतं, म्हणून आम्ही काउंटरच्या उंचीच्या वरच्या फळ्यांवर माल चढवला आणि निर्धास्त झालो. पहाटे जिन्याच्या सहाव्या पायरीवर पाणी होतं आणि दुकानाचं शटर दिसत नव्हतं.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तेव्हा वह्या फुगून रॅकमध्ये इतक्या घट्ट बसल्या होत्या की हाताने एक गठ्ठा निघेना. नवऱ्याने पहार लावून एकेक खण उचकटला. प्रत्येक खणातून काळ्या चिखलाचा लोंढा खाली यायचा आणि वह्यांची रंगीत कव्हरं त्यात विरघळून जायची. तीन दिवस आम्ही फावड्याने वह्या काढत होतो. अण्णांची चाळीस वर्षांची कात्रणांची वहीही त्यात गेली. त्या दिवसात पेपर आला नाही, येणार कुठून? लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या दारातला पुस्तकांचा लगदा पाहिला तेव्हा अण्णा भर रस्त्यात रडले. १८६४ सालची संस्था, २००५ला एकदा बुडून पुन्हा उभी राहिली होती.

आता अण्णांचं ते वाक्य. पाणी वाहत नव्हतं, कारण दाभोळच्या खाडीतून भरती आत आली की वाशिष्ठीला पुढे सरकायला वाट उरत नाही. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून सह्याद्रीतला पाऊस, त्यात पोफळी-कोळकेवाडीला वीज करून वाशिष्ठीत उतरणारं कोयनेचं पाणी, आणि नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं साचलेला गाळ. यातल्या कशाचा वाटा किती यावर गावात आजही वाद होतो. पण इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, यावर वाद नाही. भरती रोज पाऊण-एक तास पुढे जाते, यावरही नाही. पावसाळ्यात पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट दिली, पातळी, वेळ, भरती, विसर्ग (म्हणजे धरणाकडून सोडलेलं पाणी), तर माझ्यासारखी बाई स्वतः ठरवू शकते की माल तिसऱ्या फळीवर ठेवायचा की थेट माडीवर न्यायचा. आता मोबाईलवर सगळं येतं असं तुम्ही म्हणाल. त्या रात्री वीज गेली, मग रेंज गेली. सकाळी वाचलेलं तेवढंच डोक्यात राहिलं होतं, आणि डोक्यात होतं ते ‘जनजीवन विस्कळीत’.

‘तेच तेच’ म्हणता, तर ते संपलेलं नाही म्हणून. डिसेंबर २०२१मध्ये गाळ काढा म्हणून गावाने साखळी उपोषण केलं तेव्हा मीही दोन दिवस मंडपात बसले होते. त्यानंतर गाळ उपसायला यंत्रं आली, हे मान्य, आणि मी तेव्हा त्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं, मागे जाऊन पाहा. पण पुढे पूररेषेच्या बातम्या आल्या. ‘निळ्या रेषेमुळे बांधकामं ठप्प’, ‘लाल रेषा रद्द करा’. मथळ्यांमागून मथळे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, हे आमच्या पेपराने एकदाही नीट छापलं नाही. आमच्या शेजारच्या काकूंना वाटत होतं की लाल रेषेच्या आतली घरं सरकार पाडणार. त्या बिचाऱ्या महिनाभर झोपल्या नाहीत. शेवटी मीच कागदावर नदी काढून त्यांना समजावलं. गावाचं नाव कशाने खराब होतं ते तुम्हीच सांगा. रेषा समजावून सांगितल्याने, की न सांगितल्याने? जागेचे भाव पडतील ही भीती मी समजू शकते, आमचीही सगळी पुंजी या बाजारपेठेतच आहे. तरी मी गप्प बसणार नाही.

मगरींचं. शिवनदीत आणि वाशिष्ठीत मगरी पूर्वीपासून आहेत. तुम्हीही लहानपणी गोवळकोटकडे पाहिल्या असतील. २०२४च्या पावसाळ्यात रात्री शहरातल्या रस्त्यावरून चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘मगरीची दहशत’. मी तेव्हा लिहिलं होतं की दहशत छापा, पण त्याखाली वनविभागाचा १९२६ हा नंबरही छापा. मगर दिसली तर लांब राहा, दगड मारू नका, आणि काठावर कपडे धुणाऱ्यांनी कोणत्या वेळा टाळाव्यात तेही. यात माणसांच्या विरोधात काय आहे? नंबर माहीत असता तर त्या रात्री गाडी घेऊन तिच्या मागे लागायची गरज कुणाला पडली नसती. माझा स्वतःचा मुलगा क्लासहून नदीकाठच्या रस्त्याने येतो. मला काळजी तुमच्याइतकीच आहे.

आणि मी कधी कौतुक करत नाही, हे तेवढं खरं नाही. १६ ऑक्टोबर २०२३ला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल काम चालू असताना कोसळला, तेव्हाची बातमी मी आजही नव्या वहीत चिकटवून ठेवली आहे. सकाळी मोठा आवाज झाला, काम थांबवलं, दुपारी पूल खाली आला, जीवितहानी नाही. वेळ, जागा, क्रम, सगळं होतं. एकही विशेषण नव्हतं आणि वाचताना अंगावर काटा आला. ती लिहिणाराही तोच, आमच्याकडे झेरॉक्सला येणारा. त्याला जमतं, म्हणूनच मी मागते.

आता तुमच्या आईंबद्दल, कारण प्रतिक्रिया वाचल्यापासून मला त्यांचीच आठवण येते आहे. पाणी उतरल्यावर आम्ही दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारल्या, एक २००५ची, एक २०२१ची. त्यानंतरच्या पावसाळ्यांत अण्णा पातळीचा आकडा मिळाला की शिवनदीवर जाऊन पाणी कुठवर आहे ते पाहून येतात आणि वहीत लिहितात. किती मीटरला आमची कोणती पायरी बुडेल याचा अंदाज आता आम्हाला बांधता येतो. पेठमापला ही वेळ आमच्या बरीच आधी येत असणार. आईंना फोन कराल तेव्हा एवढं विचारा: दोन्ही पुरांत पाणी घरात किती वाजता शिरलं, आणि कुठपर्यंत आलं. त्यांना नक्की आठवत असेल. इथेच खाली लिहा, मी ते अण्णांच्या वहीत उतरवून घेते. आणि गणपतीला याल तेव्हा दुकानात या, आईंच्या घरी रेघ मारायला अण्णा स्वतः येतो म्हणालेत.